मैदानात उतरविणाऱ्यांची जबाबदारी

पानिपत हे मराठी माणसाच्या दृष्टीने केवळ गावाचे नाव राहिलेले नाही. एखाद्या कार्याचा पुरता विध्वंस झाला की त्याचे पानिपत झाले, असे आपण सहज बोलून जातो. १४ जानेवारी १७६१ या दिवशी तेथे जे घडले त्याची चिकित्सा दोन शतकांहून अधिक काळ चालू आहे. गोलाची लढाई करावयाची होती की गनिमी काव्याची, विश्वासराव पडल्यावर भाऊसाहेबांनी अंबारीतून उतरावयास हवे होते की नको, मल्हारराव होळकर केव्हा व का निघाले, या प्रश्नांवर आपले इतिहासकार हिरिरीने लिहीत आले आहेत. परंतु या रणप्रश्नांच्या आड आणखी एक प्रश्न उभा आहे आणि तो तलवारीचा नसून भाकरीचा आहे. ज्याने लक्षावधी माणसे आपल्या झेंड्याखाली इतक्या दूर आणली, त्याच्यावर त्या माणसांच्या देहाची जबाबदारी किती होती?

ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस मराठ्यांची छावणी पानिपतास पडली. तिच्यात लढणाऱ्यांपेक्षा न लढणाऱ्यांची संख्या अधिक होती. बाजारबुणगे, तंबू उभारणारे, बैल हाकणारे, पाणके, चारा कापणारे, यात्रेकरू आणि बायकामुले असा एक चालता गावच तेथे खंदकाच्या आत अडकून पडला. कुटुंबे आणि जड सामान मागे ठेवावे, असा सल्ला सूरजमल जाटाने दिल्याचे जुने वृत्तान्त सांगतात. तो मानला गेला नाही. अब्दालीने दिल्लीची वाट रोखली. रसद पुरविण्याची कामगिरी ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि धान्याचा ओघ आटला. जनावरे मरू लागली, माणसे खंगू लागली. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने लिहून ठेवले आहे की, लढाईच्या आदल्या दिवशी सरदार व शिपाई भाऊसाहेबांच्या डेऱ्यापाशी जमले. दोन दिवस पोटात अन्न नाही. उपासाने मरण्यापेक्षा शत्रूवर तुटून पडून जे होईल ते होवो, असे त्यांचे म्हणणे पडले. भाऊसाहेबांनी ते मान्य केले. उरलेसुरले धान्य वाटून त्या रात्री लोकांनी पोटभर जेवावे, असा हुकूम सुटला आणि पहाटे फौज बाहेर पडली.

हा प्रसंग शौर्याचा म्हणून सांगितला जातो आणि तो शौर्याचा आहेही. मात्र त्याला दुसरी बाजू आहे. त्या दिवशी लढाई शिपायांनी स्वतः मागितली. मग त्यांच्या मरणाचा भार कुणावर? ज्याच्यापुढे उपासमार किंवा झुंज असे दोनच मार्ग उरले आहेत, त्याने झुंज पत्करली तर त्याला खुशीची संमती म्हणता येईल काय? आणि संमती असली तरी पाठविणाऱ्याची जबाबदारी तेवढ्याने फिटते काय? हा प्रश्न १७६१ साली जितका खरा होता तितकाच आज खरा आहे. फरक इतकाच की, आज तो रणांगणापेक्षा क्रीडांगणावर अधिक वेळा उभा राहतो.

पानिपत शहरात आज शिवाजी स्टेडियम या नावाचे एक मैदान आहे. जवळच्या खंडरा गावातील एका शेतकरी कुटुंबातला मुलगा वजन कमी करावे म्हणून व्यायामासाठी शहरात येत असे. त्याने प्रथम भालाफेक पाहिली ती याच मैदानावर. तोच मुलगा पुढे नीरज चोप्रा म्हणून जगाला माहीत झाला. ज्या भूमीवर भाल्याने माणसे पडली तेथेच भाला हे खेळाचे साधन व्हावे, हा काळाचा महिमा म्हणावा लागेल. परंतु खेळाडूलाही कुणीतरी मैदानात उतरवीत असते. त्याच्यामागे संघ असतो, महासंघ असतो, राज्य असते. त्याच्या यशात या सर्वांचा वाटा असतो. मग त्याच्या गुडघ्यात, कोपरात आणि कवटीतही त्यांचा वाटा असावयास नको काय? गिरणीचा मालक गिरणीतील यंत्राला कठडा घालण्यास बांधलेला असतो. क्रीडासंस्था कशास बांधलेली असते?

आपल्या जुन्या तालमींनी या प्रश्नाचे एक उत्तर देऊन ठेवले होते. ते कागदावर नव्हते. वस्तादाच्या वागण्यात होते. तालमीतील हौद्याची लाल माती वरचेवर खणून मऊ करीत. तीत हळद, तेल, ताक मिसळीत. अंग आपटले तरी हाड मोडू नये आणि खरचटले तरी जखम चिघळू नये, हा त्यामागचा हेतू. कुस्तीची जोड नेमताना वजन, वय आणि तयारी पाहत. कच्च्या पोराला पक्क्या मल्लापुढे लोटणारा वस्ताद बदनाम होई. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लविद्येला जो आश्रय दिला त्यात केवळ बक्षिसे नव्हती. मल्लांच्या खुराकाची आणि राहण्याची तजवीजही होती. १९१२ साली उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानामागे हीच दृष्टी होती. मल्लाने अंग पणाला लावावे, त्या अंगाची चिंता आश्रयदात्याने वाहावी, असा तो अलिखित करार होता. त्याचे मर्म असे की, पठ्ठ्या कितीही उतावीळ झाला तरी त्याला ‘आज नाही’ असे सांगण्याचा अधिकार वस्तादाकडे होता आणि तो वापरणे हे त्याचे कर्तव्य मानले जाई.

संस्थाने गेली, राजाश्रय सरला आणि मल्लांचे पालकत्व संघटनांकडे आले. त्या संक्रमणकाळातील सर्वांत बोलके उदाहरण खाशाबा जाधव यांचे आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे हे मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. ज्यांचे सर्व आयुष्य लाल मातीत गेले होते त्यांना तेथे गादीवर आणि अपरिचित नियमांनी लढावे लागले. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा खर्चाचा प्रश्न उभा राहिला. गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. राष्ट्राच्या वतीने लढणाऱ्या माणसाचा प्रवासखर्च एका शिक्षकाच्या घरावर बसला, ही घटना शिक्षकाचे मोठेपण जितके दाखविते तितकीच व्यवस्थेची उणीवही दाखविते.

हेलसिंकीला जे घडले ते याहून महत्त्वाचे आहे. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी खाशाबांची कुस्ती दीर्घकाळ चालली आणि ती त्यांच्या हातून निसटली. त्या थकव्यातून सावरण्यापूर्वीच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याशी लढण्यास बोलाविण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, असा नियम होता. परंतु तो पुढे करून हरकत घेणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. खाशाबा तसेच गादीवर उतरले आणि हरले. इशींना सुवर्ण मिळाले, मम्मदबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढून गावाने त्यांचे स्वागत केले. त्या जल्लोषात अर्ध्या तासाची गोष्ट मागे पडली.

अर्धा तास ही क्षुल्लक बाब नव्हे. पंधरा-वीस मिनिटांच्या झुंजीनंतर स्नायू शिणलेले असतात, पकड सैलावलेली असते आणि अशाच वेळी सांधे निखळण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. विश्रांतीचा नियम निकालाच्या न्यायासाठी असतो, त्याहून अधिक देहाच्या रक्षणासाठी असतो. तो नियम अस्तित्वात होता, मल्ल तेथे होता. नव्हता तो मल्लाच्या वतीने बोलणारा माणूस. ‘खाशाबा स्वतःच उतरले’ असे म्हणून ही गोष्ट संपविता येत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, एकट्या पडलेल्या खेळाडूने पंचांच्या बोलावण्याला नकार द्यावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

दहा वर्षांनी क्रिकेटच्या मैदानावर याहून भयंकर प्रसंग आला. मार्च १९६२ मध्ये भारताचा संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. ब्रिजटाऊन येथे बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला आणि त्यांची कवटी फुटली. चेंडू स्पष्ट दिसावा म्हणून समोर उभारण्यात येणारा पडदा त्या मैदानावर नव्हता; ऐन वेळी पॅव्हेलियनमधील एक खिडकी कुणीतरी उघडली आणि लक्ष विचलित झाले, असे कॉन्ट्रॅक्टर यांनी पुढे सांगितले आहे. शस्त्रक्रियेसाठी रक्त लागले तेव्हा प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आले. आपल्यापैकी चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनी रक्त दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले, परंतु पुन्हा कसोटी सामना खेळू शकले नाहीत. माणुसकीची ही कथा वारंवार सांगितली जाते आणि सांगितली जावी. मात्र एक साधा पडदा आणि एक बंद खिडकी, एवढ्या व्यवस्थेने जे टळले असते ते रक्तदानाने भरून काढावे लागले, हेही तिच्याबरोबर सांगितले पाहिजे.

अशा प्रसंगी एक जुना युक्तिवाद हमखास पुढे येतो. खेळ म्हटला की दुखापत आलीच; जो आपखुशीने धोका पत्करतो त्याने तक्रार करू नये. हा युक्तिवाद खेळापुरता नाही. रोमन विधिशास्त्रातून इंग्लंडच्या कायद्यात आलेले हे तत्त्व एकोणिसाव्या शतकात कारखान्यांचे मालक कामगारांविरुद्ध सर्रास वापरीत. धोका ठाऊक असूनही तू कामावर येत राहिलास, म्हणजे तू तो मान्य केलास, असे ते म्हणत. १८९१ साली इंग्लंडमधील लॉर्डसभेपुढे स्मिथ नावाच्या एका मजुराचा खटला आला. तो खडक फोडण्याचे काम करी आणि त्याच्या डोक्यावरून यारीने दगड नेले जात. त्यांतला एक त्याच्या अंगावर पडला. धोक्याची जाणीव असणे म्हणजे धोक्याला संमती देणे नव्हे, असा निर्णय न्यायमूर्तींनी दिला. भारतात १९३८ च्या मालकांच्या दायित्वासंबंधीच्या कायद्याने हेच सूत्र स्वीकारले. धोका पूर्णपणे समजावून दिलेला नसेल आणि कामगाराने तो स्वेच्छेने पत्करलेला नसेल, तर त्याने तो पत्करला असे मानता येत नाही, हे त्या कायद्याने ठरवून दिले.

आणि मग १९८२ साली हा विचार भारतातील एका क्रीडासोहळ्याच्याच निमित्ताने पुढे गेला. पानिपतपासून सुमारे ९० किलोमीटरवर, दिल्लीत, आशियाई स्पर्धांची तयारी चालली होती. स्टेडियम, उड्डाणपूल, खेळाडूंची निवासस्थाने उभारण्यासाठी राजस्थान, उत्तर प्रदेश आणि ओरिसातून मजूर आणले होते. रोजची किमान मजुरी ९ रुपये २५ पैसे ठरलेली असता मुकादम त्यांतला एक रुपया कापून घेत आणि मजुराच्या हाती सव्वाआठ रुपये पडत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संस्थेने न्यायमूर्ती भगवती यांना पत्र लिहिले आणि त्या पत्रालाच सर्वोच्च न्यायालयाने अर्ज मानले. मजूर कंत्राटदाराचे आहेत, आमचे नव्हेत, हा सरकारी यंत्रणांचा बचाव न्यायालयाने मानला नाही. ज्याच्यासाठी काम चालले आहे त्याला कंत्राटदाराच्या आड लपता येणार नाही, असे त्याने बजावले. बांधकाम हे धोक्याचे काम असून १४ वर्षांखालील मुलांना त्यावर लावता येणार नाही, असेही सांगितले. परंतु त्या निकालाचा गाभा याहून खोल आहे. भुकेपोटी जो किमान मजुरीहून कमी वेतनावर राबतो, त्याचे राबणे खुशीचे नव्हे. ती वेठ आहे, असे न्यायालय म्हणाले. भूक हीसुद्धा एक सक्ती आहे. १३ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी भाऊसाहेबांच्या डेऱ्यापाशी जमलेल्या शिपायांच्या संमतीचा अर्थ लावावयाचा झाला, तर याहून नेमके सूत्र सापडणे कठीण आहे.

हा निकाल मजुरांविषयी होता. खेळाडूंपर्यंत कायदा पोहोचावयास आणखी वेळ लागला. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा २०१३ साली झाला. ‘कामाचे ठिकाण’ म्हणजे काय, हे सांगताना त्याने कचेऱ्या, रुग्णालये यांच्याबरोबर क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट उल्लेख केला. मग तेथे राहण्याची सोय असो वा नसो. मैदान हे कामाचे ठिकाण आहे काय, या प्रश्नाचे उत्तर निदान एका कायद्याने निःसंदिग्ध शब्दांत दिले. परंतु कायदा होणे आणि तो पाळला जाणे यांत अंतर असते. २०२३ साली देशातील नामांकित मल्लांनी दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरले. अनेक क्रीडा महासंघांत तक्रार ऐकणारी समितीच नियमाप्रमाणे नाही, या वृत्ताची त्या वर्षी मे महिन्यात राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने दखल घेतली आणि नोटिसा काढल्या. आरोपांचा निवाडा हे न्यायालयाचे काम होय. परंतु तक्रार घेऊन जावे असे दारच नसेल, तर खेळाडू रस्त्यावर येणार, हे सांगण्यास न्यायालय लागत नाही. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने स्त्रिया आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेचे धोरण आखण्याची आणि तक्रारनिवारणाची तरतूद केली आहे.

देहाच्या रक्षणाच्या बाबतीतही जग बदलत आहे. क्रिकेटमध्ये शिरस्त्राण रुळले ते १९७० च्या दशकाच्या अखेरीनंतर. तरीही २०१४ साली सिडनीच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाचे फिलिप ह्यूज मानेवर चेंडू लागून मृत्यू पावले. ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेण्याची मुभा मिळाली. या नियमातील शहाणपण असे की, खेळाडू खेळण्यास योग्य आहे की नाही हे तो स्वतः ठरवीत नाही. संघाचा वैद्यकीय अधिकारी ठरवितो. मार लागलेला खेळाडू बहुधा ‘मी ठीक आहे’ असेच म्हणणार, हे तो नियम गृहीत धरतो.

अशा काळात पानिपतच्या त्या भालाफेक्याची कथा पुढे येते. शिवाजी स्टेडियमवरून नीरज चोप्रा पंचकुल्याला गेले, कारण धावण्यासाठी कृत्रिम पृष्ठाचा मार्ग तेथे होता. २०१८ साली आशियाई सुवर्ण मिळाले. त्यानंतर उजव्या कोपराने दगा दिला. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. दिनशा पारडीवाला यांनी त्या कोपरावर शस्त्रक्रिया केली. त्या वर्षीची दोहा येथील जागतिक स्पर्धा हुकली. शरद ऋतूत राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत उतरण्याचा बेत होता, तोही ॲथलेटिक्स महासंघाच्या सल्ल्याने सोडण्यात आला. महासंघाने वस्तादाप्रमाणे ‘आज नाही’ असे म्हटले. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत ८७.८६ मीटरची फेक करून ते ऑलिम्पिकला पात्र ठरले आणि ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत ८७.५८ मीटरच्या फेकीने त्यांनी भारताला ॲथलेटिक्समधील पहिले ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिले. त्या सुवर्णात फेकीचा वाटा आहे तसाच न फेकलेल्या महिन्यांचाही आहे.

ही कथा समाधानाची असली तरी तिने निश्चिंत होऊ नये. २०२४ साली पॅरिसमध्ये तेच चोप्रा जांघेचे दुखणे सोसत खेळले आणि रौप्यपदक घेऊन आले. शस्त्रक्रियेला वेळच मिळाला नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. स्पर्धांचे वेळापत्रक, राष्ट्राची अपेक्षा आणि खेळाडूची स्वतःची ईर्षा यांच्या कात्रीत देह सापडतो, तो असा. आणि हे तर जगज्जेत्याचे झाले. तालुक्याच्या मैदानावर अनवाणी धावणारी मुलगी, मध्यान्हीच्या उन्हात कबड्डीचे मैदान आखणारा शिपाई, फाटक्या गादीवर सराव करणारा मल्ल यांच्यापाशी ना मुंबईचा शल्यविशारद आहे, ना ‘आज नाही’ म्हणणारा महासंघ. मोठ्या खेळाडूची काळजी घेतली जाते, कारण तो मौल्यवान असतो. जबाबदारी मात्र मोलावर अवलंबून नसते. कुणी कुणाला मैदानात उतरविले यावर असते.

पानिपतच्या छावणीत ज्यांची नावे कोणत्याही यादीत नव्हती असे हजारो लोक होते. सरदारांची नावे बखरींनी जपली. पाणके, बैल हाकणारे, त्यांच्याबरोबर चालत आलेल्या स्त्रिया यांची नावे कुणी लिहिली नाहीत आणि ते उपाशी आहेत हेही फार उशिरा लक्षात घेतले गेले. आजच्या क्रीडासंस्थेने पानिपतपासून शिकावयाचे असेल तर ते डावपेच नव्हेत. पाण्याची, विश्रांतीची, वैद्याची आणि तक्रार ऐकणाऱ्या माणसाची सोय सामन्याच्या आधी झाली पाहिजे. सामन्याच्या दिवशी फक्त शौर्य उरते, आणि तेवढ्यावर भागत नाही. खेळाडू स्वखुशीने उतरतो हे खरे. त्याची खुशी ही त्याची थोरवी होय. ती उतरविणाऱ्याची सबब होऊ शकत नाही.